टांके घालणें आणि टांके काढणें

मराठी भाषेंत कांहीं शब्द असे आहेत कीं, ते दोन अगदीं निराळ्या धंद्यांत सारख्याच हक्कानें नांदतात. 'टांका' हा त्यांपैकींच एक होय. शिंप्याच्या दुकानांत टांका आहे व शस्त्रवैद्याच्या खोलींतहि टांका आहे. चोळीची शिवण उसवते आणि पोटावरील जखमहि उसवते. एवढेंच नव्हे, तर दोघांच्याहि टांक्यांत दोन जाति आहेत. एक टांका कायमचा राहावयाचा, व दुसरा कांहीं काळ काम करून निघून जावयाचा. शिंपी ज्यास कच्चा टांका किंवा धावदोरा म्हणतो तो दुसऱ्या जातीचा. आणि वैद्य कातड्यावर जे टांके घालतो तेहि बहुधा त्याच जातीचे. टांके कोणीं, कशानें व कसे घातले ह्याचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. ते केव्हां व कसे काढावे हा विषय मात्र त्या इतिहासांत कोपऱ्यांत पडलेला असतो. प्रस्तुत लेखांत ह्या उपेक्षित बाजूचा थोडा परामर्श घेण्याचा आमचा विचार आहे. आणि ज्या नगर जिल्ह्याचें सरकारी नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें, त्या आमच्या जिल्ह्याशीं ह्या विषयाचा काय संबंध पोहोंचतो, हेंहि ओघानें पाहूं.

आपल्याकडील शस्त्रवैद्यकाचा आद्य ग्रंथ जी सुश्रुतसंहिता, तिच्यांत शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले असून सीवन, म्हणजे शिवणें, हा त्यांतील एक आहे. ह्या प्रकरणीं दिलेला तपशील वाचला म्हणजे लिहिणारा केवळ पोथींतला पंडित नव्हता, हातानें काम केलेला माणूस होता, अशी खात्री पटते. सुया तीन प्रकारच्या सांगितल्या आहेत: जेथें मांस थोडें तेथें व सांध्यांवर दोन अंगुळांची वाटोळी, मांसल जागीं तीन अंगुळांची त्रिधारी, आणि मर्मस्थानें, वृषण व पोट ह्यांसाठीं धनुष्यासारखी वांकडी. दोऱ्यासाठीं बारीक सूत, ताग, स्नायु, केंस, तसेच मूर्वा व गुळवेल ह्यांचे तंतु सांगितले आहेत. टांके फार दूर घातले तर जखमेच्या कडा दुखतात व फार जवळ घातले तर त्या फाटतात, म्हणून मध्यम अंतर ठेवावें, असें ग्रंथकार बजावतो. जखमेंत धूळ, केंस, नख किंवा हाडाचा सुटा तुकडा राहिला असेल तर तो काढल्यावांचून शिवूं नये, नाहींतर जखम पिकते, हीहि सूचना त्यानें दिली आहे.

ह्यांत आम्हांस विशेष लक्षांत घेण्यासारखी गोष्ट वाटते ती ही कीं, वैद्याच्या शिवण्याचें शिंप्याच्या शिवण्याशीं असलेलें नातें लपविण्याची सुश्रुतास गरज वाटली नाहीं. त्यानें सांगितलेल्या चार शिवणींपैकीं एकीचें नांव 'तुन्नसेवनी' असें आहे. आणि 'तुन्नवाय' हा शब्द अमरकोशांत शिंप्याचा वाचक म्हणून आला आहे. शिष्यानें रोग्याच्या अंगास हात लावण्यापूर्वीं बारीक व जाड कापडाच्या कडा आणि मऊ चामड्याच्या कडा शिवून हात बसवावा, असा नियमहि त्यानें घालून दिला आहे. ज्या समाजांत पुढें पोथी वाचणारा वरचा व हातानें काम करणारा खालचा असा भेद बळावला, त्याच समाजाच्या एका जुन्या ग्रंथांत हा विनय दिसावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

बांधण्याविषयीं इतका काटेकोर असलेला हा ग्रंथकार सोडण्याविषयींहि तितकाच सावध आहे. जखमेवरील पट्टा तिसऱ्या दिवशीं सोडावा. दुसऱ्याच दिवशीं उतावीळपणानें सोडला तर जखम भरण्यास विलंब लागतो व वेदना तीव्र होतात, असें तो सांगतो. पुढें ऋतुमानाप्रमाणें भेद करून हेमंत, शिशिर व वसंत ह्या ऋतूंत तीन दिवसांनीं, आणि शरद्, ग्रीष्म व वर्षा ह्या ऋतूंत दोन दिवसांनीं पट्टा सोडावा, असें म्हणतो. उन्हाळ्यापावसाळ्यांत जखम लवकर चिघळते, हा अनुभव त्यामागें असावा. ह्याहूनहि महत्त्वाचा त्याचा उपदेश असा कीं, आंत दोष शिल्लक असतांना घाई करून जखम वरून मिटूं देऊं नये. अशी जखम थोड्याशा निमित्तानें आंतून पुनः बिघडते. काळाचें भान व अंतर्दोषाचें भान ह्या दोन गोष्टींतच टांके काढण्याची सर्व विद्या सांठवलेली आहे, हें पुढें दिसून येईल.

कधींच काढावयाचा नाहीं अशा टांक्याचें उदाहरणहि ह्याच संहितेंत सांपडतें. आंतड्यास भोंक पडलें असतां त्याच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्या चाववाव्या, त्या घट्ट चावल्या म्हणजे त्यांचीं धडें तोडून टाकावीं, डोकीं मात्र तशींच राहूं द्यावीं, आणि मग आंतडें पोटांत घालून बाहेरून पोट शिवावें, असा तो विधि आहे. मुंगीचे दोन जबडे म्हणजे दोन टोकांचा चिमटाच. आणि तो आंत राहिला तरी कालांतरानें विरून जाणारा. हल्लींच्या शस्त्रवैद्याजवळ धातूच्या पिना व विरघळणारा दोरा अशा दोन निराळ्या वस्तु आहेत. मुंगीच्या डोक्यांत त्या दोहोंचेंहि बीज एकत्र होतें.

वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनीं १९१७ सालीं नगरास आयुर्वेदाचें महाविद्यालय काढलें, तेव्हांपासून ह्या ग्रंथाचें अध्ययन आमच्या गांवीं चालत आलें आहे. परंतु पोथींतील विद्या व हातांतील विद्या ह्यांची फारकत आपल्या देशांत त्याच्या कितीतरी पूर्वीं झाली होती. वैद्य काढे व मात्रा देऊं लागले, आणि शस्त्र ज्यांस पोथी वाचतां येत नव्हती अशांच्या हातीं गेलें. तेथें तें किती कुशलतेनें चाले ह्याचा जगप्रसिद्ध पुरावा आमच्या शेजारच्या पुण्याचा आहे.

१७९२ च्या टिपूवरील लढाईंत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक कुणबी मराठा टिपूच्या हातीं सांपडला, व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या, एका माणसानें त्यास नवें नाक बसवून दिलें. ही क्रिया मुंबई इलाख्याच्या दोघां इंग्रज वैद्यांनीं डोळ्यांनीं पाहिली असल्याचें सांगून लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'नें १७९४ च्या ऑक्टोबरच्या अंकांत तिची सचित्र हकीकत छापली. मेणाचा नाकाएवढा नमुना करून तो कपाळावर पसरावयाचा, त्याच्या कडेनें रेषा आंखून तेवढें कातडें सोडवावयाचें, परंतु दोन डोळ्यांच्या मध्यें एक चिंचोळी पट्टी मात्र कापावयाची नाहीं. आणि तें कातडें तेथेंच उलटें वळवून नाकाच्या जागीं बसवावयाचें, अशी ती कृति होती. कडा जुळवून धरण्यास पाण्यांत मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून पांचसहा पट्ट्या एकावर एक ठेवीत. चार दिवस त्यांस हात लावीत नसत. नंतर त्या काढून तुपांत भिजवलेलीं फडकीं ठेवीत. डोळ्यांमधील ती पट्टी सुमारें पंचविसाव्या दिवशीं कापीत.

ह्या हकीकतींत यूरोपीय वाचकांस नव्या नाकाचें नवल वाटलें, व तें साहजिकच होतें. कार्प्यू नांवाच्या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें ही क्रिया करून दाखविली, व १८१६ सालीं तिजवर ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें नवल आहे तें त्या पंचविसाव्या दिवसाचें. ती चिंचोळी पट्टी हाच मुळीं एक कच्चा टांका होता. कपाळाचें रक्त नव्या नाकास पोहोंचविणें एवढेंच तिचें काम; आणि नवी जागा स्वतःच्या रक्तानें त्यास पोसूं लागली कीं तें काम संपलें. पट्टी चौथ्या दिवशीं कापली असती तर नाक मेलें असतें. कधींच कापली नसती तर भुंवयांमध्यें कातड्याचा पीळ जन्मभर राहिला असता. हा दिवस कोणा निरक्षर कारागिराच्या पूर्वजांनीं बघून बघून ठरविला असला पाहिजे, आणि तो ठरवितांना किती नाकें फुकट गेलीं असतील ह्याची गणती इतिहासांत नाहीं.

त्याच सुमारास यूरोपांतील नामांकित शस्त्रवैद्य दोरा कसा काढीत असत हें पाहिलें म्हणजे अंगावर शहारे येतात. हात किंवा पाय कापल्यावर धमनी रेशमी दोऱ्यानें बांधीत व त्या दोऱ्याचीं लांब टोकें जखमेबाहेर लोंबत ठेवीत. आंत पू होऊन दोरा सैल झाला म्हणजे तो ओढून काढावयाचा. आणि सैल झाला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं अधूनमधून तो ओढून बघावयाचा. इंग्रजांचा सुप्रसिद्ध नौसेनापति नेल्सन याचा उजवा हात १७९७ च्या जुलई महिन्यांत तेनेरीफ बेटावरील चढाईंत जायबंदी होऊन कापावा लागला. त्याच्या जखमेंतील एक दोरा कांहीं केल्या निघेना, आणि हिंवाळा लागेपर्यंत, म्हणजे चार महिन्यांवर, त्यानें असह्य वेदना सोसल्या. दोरा आपण होऊन सुटून आला तेव्हां जखम थोड्याच दिवसांत भरली. ह्यानंतर सहाच वर्षांनीं, १८०३ च्या ऑगस्टच्या ८ तारखेस, आर्थर वेलस्लीच्या फौजेनें नगरची पेठ शिड्या लावून घेतली व १२ तारखेस किल्ला त्याच्या हवालीं झाला. त्या फौजेबरोबरचे शस्त्रवैद्य ह्याच परंपरेंत शिकलेले होते. तेव्हां भिंगारच्या बाजूस पडलेल्या तंबूंतून जखमी शिपायांचीं कशीं दुखणीं चाललीं असतील, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

ह्या स्थितींत खरा पालट केला तो लिस्टरनें. जखमेंतला पू हा बरें होण्याचें लक्षण नसून बाहेरून आंत शिरलेल्या सूक्ष्म जंतूंचें कार्य आहे, हें ओळखून त्यानें कार्बोलिक आम्लाचा उपयोग केला व १८६७ सालीं आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढें दोनच वर्षांनीं, १८६९ सालीं, मेंढीच्या आंतड्यापासून केलेला दोरा जंतुरहित करून त्यानें धमनी बांधली व टोकें कापून जखम मिटवून टाकली. दोरा आंतच राहिला व शरीरानें तो पचवून टाकला. विसाव्या शतकांत, १९७० च्या सुमारास, रसायनशास्त्रानें केलेले विरघळणारे दोरे निघाले, व आंतड्याच्या दोऱ्याची जागा हळूहळू त्यांनीं घेतली. आंतल्या टांक्यांचा प्रश्न अशा रीतीनें सुटला. कातड्यावरील टांक्यांचा मात्र उरला; कारण तेथें अद्यापि पुष्कळ वेळां रेशीम, नायलॉन किंवा धातूच निवडावी लागते.

धातूच्या पिनांचा इतिहास मौजेचा आहे. बुडापेस्ट येथील हुल्ट्ल ह्या शस्त्रवैद्यानें १९०८ सालीं जठरास पिना मारण्याचें पहिलें यंत्र उपयोगांत आणलें. त्याचें वजन सुमारें साडेतीन किलो असून तें जुळवावयास दोन तास लागत. त्याच देशाच्या पेट्झ यानें पुढें तें पुष्कळ हलकें केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएट संघराज्यांत ह्या विद्येची मोठी वाढ झाली. आणि १९५८ सालीं रॅव्हिच हा अमेरिकन शस्त्रवैद्य कीव्ह शहरीं गेला असतां तीं यंत्रें पाहून थक्क झाला व त्यानें ती विद्या आपल्या देशांत नेली. आज तालुक्याच्या गांवच्या दवाखान्यांतहि कातड्यास पिना मारलेला रोगी दृष्टीस पडतो.

आतां काढण्याचा विधि. शिंप्याच्या धाव्या टांक्यापासूनच आरंभ करूं, कारण कापड चुकीची शिक्षा ताबडतोब दाखवितें. चांगला शिंपी कच्चा टांका निराळ्या रंगाच्या दोऱ्यानें घालतो, म्हणजे काढतांना तो चटकन् दिसतो. पक्की शिवण पुरी झाल्यावांचून तो कच्च्यास हात लावीत नाहीं. काढतांना सबंध दोरा एका टोंकास धरून खेंचीत नाहीं. कारण त्यानें कापड चुण्या पडून आंवळतें व नाजूक रेशीम फाटतें. चारदोन बोटांच्या अंतरानें दोरा कापून तो लहान लहान तुकडे उपसतो. त्यावर इस्त्रीहि तो जपूनच फिरवितो, नाहींतर दोऱ्याचा वळ कापडावर उमटतो.

कातड्याचा न्याय अगदीं असाच आहे, फक्त दंड अधिक मोठा. हात, चिमटा व कात्री निर्मळ करून, जखम पुसून, टांक्याची गांठ चिमट्यानें हलकेच वर उचलावयाची, आणि गांठीखालीं, कातड्याच्या अगदीं लगत, एकाच बाजूस दोरा कापून गांठीकडून तो ओढावयाचा. ह्यांतील मर्म असें कीं, दोऱ्याचा जो भाग इतके दिवस बाहेर, हवेंत व मळांत होता, तो आंतून ओढला जातां कामा नये. त्यानें जंतु आंत जातात. ओढहि जखमेच्या रेषेकडे असावी, उलट दिशेस असल्यास नवी सांधणी उलगडते. पिना काढण्याचा चिमटा निराळा असतो. त्याचा दुहेरी जबडा पिनेखालीं सरकवून दाबला म्हणजे पीन मध्यें वांकते आणि तिचीं दोन्ही टोकें आपोआप सरळ होऊन कातड्यांतून वर येतात. घरांतली पक्कड किंवा कागदाच्या पिना काढण्याचें साधन ह्यास चालत नाहीं. तें मांस फाडतें. टांके असोत वा पिना असोत, आधीं एक सोडून एक काढावी, जखम मिटलेली राहते कीं नाहीं पाहावें, आणि मगच उरलेल्यांस हात घालावा. कडा विलग होऊं लागल्या, लाली, सूज, ऊन स्पर्श, पू किंवा ताप दिसला, तर तेथेंच थांबून वैद्यास दाखवावें.

दिवसांचा हिशेब असा: चेहऱ्यावरील टांके साधारणतः तिसऱ्यापासून पांचव्या दिवसापर्यंत, डोक्यावरील व धडावरील सातव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत, हातापायांवरील दहाव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत, आणि सांध्यांवरील चौदाव्याच्या सुमारास. चेहऱ्यास रक्ताचा पुरवठा विपुल म्हणून तो लवकर सांधतो. गुडघा क्षणोक्षणीं वांकतो म्हणून त्यास उशीर लागतो. मधुमेह किंवा कुपोषण असल्यास वैद्य हे दिवस वाढवितो. लवकर काढल्यास जखम उसवते. उशीर केल्यास दोऱ्याभोंवतीं कातडें चढतें, दोऱ्याच्या वाटेनें जंतु शिरतात आणि आगगाडीच्या रुळांसारखे वण कायमचे राहतात. येथें एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते. टांके निघाले त्या दिवशीं जखम बरी झाली असा समज आहे, परंतु दोन आठवड्यांच्या जखमेंत मूळ कातड्याच्या सुमारें एक दशांशच बळ आलेलें असतें. पुढें महिनोमहिने तें वाढत जाऊन फार तर चार पंचमांशापर्यंत पोहोंचतें. तेव्हां टांके काढणें म्हणजे कामाचा शेवट नव्हे. शरीरावर विश्वास टाकून आपण हात मागें घेण्याचा तो क्षण आहे.

हा विश्वास अकालीं टाकल्यास किंवा अंतर्दोष राहूं दिल्यास काय होतें, ह्याचा दृष्टांत आमच्या नगरच्या इतिहासांतच आहे. १५९५-९६ च्या वेढ्यांत मोंगलांच्या सुरुंगानें किल्ल्याच्या तटास खिंडार पडलें, तेव्हां चांदबिबीनें स्वतः उभें राहून रातोरात तें बुजवून घेतलें. तो टांका इतका बेमालूम पडला कीं, मोंगलांनीं अखेर वऱ्हाड घेऊन तह केला व वेढा उठला. परंतु तट सांधला तरी दरबारांतील तट सांधले नव्हते. मिळालेली सवड आंतील दोष काढण्याच्या कामीं लागली नाहीं. चांदबिबी स्वपक्षीयांच्याच हातून मारली गेली आणि १६०० सालीं किल्ला पडला. टांका उत्तम होता; आंतील जखम पिकत राहिली होती.

आजच्या नगर जिल्ह्यांत ह्या विषयाचें महत्त्व केवळ ऐतिहासिक नाहीं. सुमारें १७,००० चौरस किलोमीटरांचा हा जिल्हा महाराष्ट्रांत विस्तारानें सर्वांत मोठा आहे. विखे पाटलांच्या प्रवरानगरापासून सुरू झालेले सहकारी साखर कारखाने ह्याच जिल्ह्यांतले, आणि ऊस तोडण्यासाठीं पाथर्डी, शेवगांव, जामखेड ह्या कोरड्या तालुक्यांतून बिऱ्हाडें पाठीवर घेऊन बाहेर पडणारीं माणसेंहि ह्याच जिल्ह्यांतलीं. कोयत्यानें पाय कापला तर टांके एका गांवीं पडतात, आणि दहावा दिवस उजाडतो तेव्हां तोच मजूर भलत्याच फडांत असतो. बाळंतपणाच्या किंवा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर घरीं परतलेल्या बाईस दवाखान्याची दुसरी खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी व गाडीभाडें. टांके घालावयास माणूस कसाहि जातो, कारण रक्त वाहत असतें. काढावयास जाण्याची निकड त्यास वाटत नाहीं. मग घरची कात्री, दाढीचें पातें किंवा नुसतें नख पुढें येतें, आणि दवाखान्यांत चांगली झालेली क्रिया ओसरीवर बिघडते.

ह्यास उपाय मोठ्या इमारतींचा नाहीं, वाटून दिलेल्या विद्येचा आहे. लोणीस १९८४ सालीं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें, ही भूषणाची गोष्ट आहे. परंतु जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें १९७० पासून जें करून दाखविलें तें ह्या दृष्टीनें अधिक बोधप्रद आहे. गांवांनीं निवडलेल्या, बहुतेक निरक्षर अशा बायांस त्यांनीं आरोग्याचें शिक्षण दिलें. प्रसूति, मुलांचें पोषण व किरकोळ आजार ह्यांची काळजी त्या घेऊं लागल्या. ह्या कार्याबद्दल उभयतांस १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. जी विद्या डॉक्टरांच्या हातींच सुरक्षित आहे असें मानलें जाई, तिचा मोठा भाग शेतमजूर बाईच्या हातींहि सुरक्षित राहतो, हें ह्या प्रयोगानें सिद्ध केलें. निर्मळ टांका निर्मळपणें काढणें, आणि कोणत्या जखमेस हात लावूं नये हें ओळखणें, ही विद्या ह्याच जातीची आहे. प्रत्येक गांवीं एका शिकलेल्या हातास ती यावी, व टांके घालणाऱ्यानें रोग्यास निरोप देतांना काढण्याची तारीख व ठिकाण तोंडीं न सांगतां लिहून द्यावें, एवढी साधी व्यवस्था झाली तरी पुष्कळ जखमा वांचतील.

पुण्याजवळच्या त्या वीटकऱ्याचें नांव कोणीं टिपून ठेविलें नाहीं. त्याच्या सुरीचें कौतुक साऱ्या यूरोपानें केलें. परंतु पंचवीस दिवस वाट पाहण्याचा त्याचा धीर हाही तितकाच मोठा गुण होता, आणि तो शिकविण्यास सुरीहि लागत नाहीं. आमच्या वैद्यकीय शाळांत आणि आमच्या खेड्यांत त्या धीराचें शिक्षण सुरू व्हावें, इतकीच आमची अपेक्षा आहे.